स्वच्छ मिठीत पाणी कुठून येणार?



पावसाळा तोंडावर आला की मिठी नदीच्या काठी गाळ काढायला पोकलेन उतरतात आणि मिठीची साबरमती करण्याच्या गप्पाही रंगतात. स्वप्न बघायला माझी ना नाही. पण अहमदाबादेत साबरमतीच्या पात्रात जे पाणी डोळ्यांना गार वाटतं, ते नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे, हे कुणी सांगत नाही.

मिठीच्या माथ्यावर विहार (१८६०) आणि पवई (१८९१) हे दोन तलाव बांधलेले आहेत. ते भरून वाहतील तेव्हाच मिठीला हक्काचं पाणी, म्हणजे पावसाळ्यात. एरवी साकीनाक्याला वाहतं ते आपल्याच मोऱ्या-संडासांचं आणि कारखान्यांचं. एप्रिलमध्ये सफेद पुलाच्या नाल्यात वाकून बघा. काळ्या साक्यातून गॅसचे बुडबुडे वर येतात आणि थर्माकोलच्या तुकड्यांखाली अडकून बसतात.

सफेद पूल आणि बापट नाल्याचं सांडपाणी बोगद्याने धारावीच्या प्रक्रिया केंद्रात नेण्याचं काम पालिकेने हाती घेतलं आहे. ते हवंच. मात्र धारावी नदीच्या मुखापाशी. तिथे शुद्ध झालेलं पाणी माहीमच्या खाडीत जाणार, चढण चढून साकीनाक्याला थोडंच येणार? सांडपाणी वळवलं की मे महिन्यात इथे उरेल ती कोरडी मिठी, आणि कोरड्या पात्रात भराव पडायला आपल्याकडे वेळ लागत नाही. म्हणून वरच्या अंगाला, फिल्टरपाडा-पवईच्या पट्ट्यात, पाणी शुद्ध करून तिथल्या तिथे नदीत सोडायला हवं. आंघोळीयोग्य नदीच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. तो टप्पा दूरचा आहे. तूर्त दुर्गंधी सुटणार नाही इतका प्राणवायू राहिला तरी पुष्कळ.

यावर ‘नाला तो नालाच, भिंती बांधा नि मोकळे व्हा’ म्हणणारे स्वतःला व्यवहारी समजतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा विमानतळापाशी वळवलेल्या, अरुंद केलेल्या पात्राने काय केलं ते कुर्ला-कालिन्याला विचारा. नदीला जागा ठेवणं हा निसर्गप्रेमींचा लाड नव्हे, ते पुराचं गणित आहे.

पालिकेने काठावरच्या बागा आणि दिव्यांच्या निविदा काढण्याआधी एवढंच जाहीर करावं: सांडपाणी वळवल्यानंतर एप्रिल-मेमध्ये साकीनाक्याच्या पात्रात रोज किती पाणी असेल, आणि ते कुठून येईल?

– एक रहिवासी, साकीनाका, मुंबई