कोरडवाहू ताट



कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, विजेचे बिल यांवर आपल्या बैठकीत तासन्‌तास बोलणे होते. ते व्हायलाच पाहिजे. पण दुपारी शिदोऱ्या सुटतात तेव्हा त्यांत काय असते, हे आम्ही अलीकडे मुद्दाम पाहू लागलो आहोत. भाकर, ठेचा, पिठले, कधी बटाट्याचा रस्सा. हिरवा पाला क्वचित, फळ तर नाहीच. शेत कोरडवाहू होतेच, आता ताटही कोरडवाहू झाले आहे.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायांच्या अंगात रक्त कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण शंभरात 69 आहे. 2015-16 च्या पाहणीत हेच आकडे 48 आणि 54 होते. म्हणजे दुखणे ओसरले नाही, वाढले. निंदणाला आणि वेचणीला वाकलेली बाई लवकर दमते, बाळंतपणात तिचा जीव धोक्यात येतो, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

यात ज्वारीला नावे ठेवण्याचे कारण नाही. 2023 हे वर्ष जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. भाकर बळ देते, तिच्यात लोहही आहे. पण क जीवनसत्त्व तिच्यात नाही आणि अ जीवनसत्त्व नावापुरतेच. धान्यातले व पाल्यातले लोह अंगी लागायचे तर त्याच जेवणात लिंबू, आवळा, पेरू किंवा कच्चा टमाटा पाहिजे. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्या लोहाचा बराच भाग वाया जातो. डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व शेवग्याच्या पाल्यातून, तांदूळजातून, पपईतून मिळते. पाल्याला तेलाची फोडणी असली तर ते चांगले अंगी लागते. सगळे काही एकाच भाजीत नसते, म्हणून तऱ्हेतऱ्हेचे खावे लागते.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था 2024 च्या आहारसूचनांत माणशी रोज 400 ग्रॅम भाजी आणि 100 ग्रॅम फळे सांगते. पाच माणसांच्या घराला आठवड्याचे साडेसतरा किलो झाले. बाजाराच्या दिवशी आपल्या पिशवीत तीन-चार किलो येते. बाकीचे कापूस विकून घ्यावे, तर कापसाला तेवढा भाव कुठे आहे? रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, भाजी मिळत नाही. भावाची लढाई म्हणूनच सोडता येणार नाही. पण ती जिंकेपर्यंत लेकरांचे वाढते वय थांबून राहत नाही.

इथे आमचीही एक चूक कबूल केली पाहिजे. कृषी महाविद्यालयात घोळ, कुंजर, तांदूळजा ही नावे आम्ही तणांच्या यादीत पाठ केली. पुढे गावोगाव तण मारायचा सल्लाही दिला. ज्याला आम्ही तण म्हटले, ती आमच्या आईच्या ओट्यातली भाजी होती. कपाशीच्या तासांत तूर, मूग, चवळी, धुऱ्यावर अंबाडी आणि बोर असायचे. शेत सलग कपाशीचे झाले आणि त्यातले खाणे गेले. ते बाईच्या हातातले होते, म्हणून हिशेबात कधी धरलेच नाही.

मात्र एक सांभाळा. फवारलेल्या कपाशीतला पाला तोडून खाऊ नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी-मजूर दगावले, ते विसरू नका. भाजीची जागा घराजवळ, फवाऱ्यापासून दूर ठेवा.

एक गुंठा पुरे. न्हाणीच्या पाण्यावर पपई, शेवगा, लिंबू जगतात. कुंपणावर वाल, दोडका, कारले चढवा. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, अंबाडी लावा. पाणी कमी असेल तिथे बोर, आवळा, सीताफळ लावा. उन्हाळ्यासाठी गवार सुकवून ठेवा. सुकवताना क जीवनसत्त्व जाते, म्हणून ती लिंबू पिळून खा.

दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मात्र भाजीच्या भरवशावर सोडू नका. अंगात रक्त कमी होण्याची कारणे इतरही असतात, ती तपासूनच कळतात.

शेवटची गोष्ट गड्यांसाठी. परसात कितीही पिकले तरी सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाजीचा रस्साच उरत असेल, तर पिकून उपयोग नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने घरचे मूठभर बी आणावे, चवळीचे, वालाचे, अंबाडीचे, जे असेल ते. अदलाबदल करू. आणि त्या दिवशी शिदोरी सगळ्यांनी मिळून, एका पंगतीत सोडू.