मुद्देमाल ठाण्यात कुजवू नका

जप्त केलेली वस्तू खटला संपेपर्यंत पोलिसांकडेच राहावी, ती परत देताना घेतलं जाणारं बंधपत्र म्हणजे नुसता सहीचा कागद, असं मानणारे पुष्कळ आहेत. मुद्देमाल परत मागितला की सरकार पक्षाचा विरोध ठरलेला: मालक वस्तू विकेल, पुरावा जाईल.

ठाण्यात वस्तू सुरक्षित राहते, हे गृहीतच चुकीचं आहे. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात आरोपी होते गुजरातचे पोलीसच; मुद्देमाल काढून घेऊन जागी नकली वस्तू ठेवल्याचा, परस्पर लिलाव केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. 1977 च्या बसवा पाटील प्रकरणात तर चोरांकडून हस्तगत केलेले दागिने पोलिसांच्या ताब्यातून पुन्हा गेले आणि न्यायालयाने सरकारला किंमत भरून द्यायला लावली.

चोरी बाजूला ठेवा. आवारात उभी केलेली रिक्षा पाहा. पावसाळ्यात हूड फाटतं, सीट कुजते, बॅटरी उतरते, टायर बसतात. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. त्या सांगाड्यापेक्षा जप्तीच्या वेळचा तपशीलवार पंचनामा आणि सह्या घेतलेले फोटो कितीतरी चांगला पुरावा आहेत. देसाई निकालाने हेच सांगितलं, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 ने फोटो, आणि गरज असल्यास चित्रीकरण, बंधनकारकच केलं आहे.

एकाच गाडीवर दोघे हक्क सांगत असतील तर? तरीही वस्तू अडकवून ठेवण्याचं कारण नाही. तात्पुरता ताबा म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे. तो दिवाणी न्यायालय करील. ज्याच्याकडे ताबा जातो तो वस्तू न विकण्याची, तिच्यात बदल न करण्याची, मागेल तेव्हा हजर करण्याची हमी देतो. म्हणजे बंधपत्र हरकत घेणाऱ्याचंही रक्षण करतं. अट मोडली तर रक्कम दंडासारखी वसूल होते, जामीनदारही सुटत नाही. याला नुसता कागद कसं म्हणायचं?

माझी तक्रार दुसऱ्या टोकाची आहे. रिक्षावाल्याकडे आरसी बुक आहे, दुसरा कुणी हक्कदार पुढे आलेला नाही, तरी वाहनाच्या पूर्ण किमतीचा जामीनदार आणि त्याचा तहसीलदाराकडचा ऐपतदाखला मागितला जातो. ऐपतदार माणूस त्याने आणायचा कुठून? परत देण्याचा आदेश हातात, आणि रिक्षा तिथेच. खरा वाद नसेल तिथे मालकाचा स्वतःचा मुचलका पुरे मानावा. जामीनदार आणि ऐपतदाखला वादग्रस्त किंवा मौल्यवान वस्तूंपुरते ठेवावेत.