हुद्दा नको, काम सांगा



मराठी वर्गाच्या अंकात सीव्हीवर लेख कशासाठी, असा प्रश्न काहींना पडेल. कारण साधे आहे. इथे आपल्यापैकी बहुतेकांचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की घरभाडे, शाळेची फी आणि व्हिसाची मुदत हे तिन्ही प्रश्न एकदमच दारात उभे राहतात. म्हणून अनेक अनुभवी आईबाबा आता नोकरीऐवजी स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करू पाहतात. त्यांची पहिली अडचण असते ती दोन पानी कागदाची.

आमचे मत असे, की हा कागद पुष्कळदा चुकीच्या टोकाकडून लिहिला जातो. नोकरीसाठी केलेला जुना बायोडेटा काढायचा, वर ‘सल्लागार’ असे लिहायचे, आणि खाली वीस वर्षांचे हुद्दे ओळीने मांडायचे. पण नोकरी देणारा आणि सल्लागार बोलावणारा यांचे प्रश्न वेगळे असतात. पहिला विचारतो, हा माणूस कोणत्या खुर्चीवर बसला होता? दुसरा विचारतो, माझ्यासारखी अडचण याने पूर्वी कुठे सोडवली आहे का? मराठीत ‘उंटावरचा शहाणा’ असा शब्दप्रयोग आहे. खाली न उतरता वरूनच सल्ला देणारा तो! आपण तसे नाही, खाली उतरून काम केलेले आहे, हे सीव्हीने दाखवायचे असते.

उदाहरण मोठ्या माणसाचे घेऊ. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअर झाले आणि 1884 पासून मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. 1908 मध्ये त्यांनी मुदतीआधीच ती नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हैदराबादेत मुशी नदीला भयंकर पूर आला, आणि निजामाच्या सरकारने 1909 मध्ये त्यांना सल्लागार इंजिनिअर म्हणून बोलावले.

आता त्यांचा सीव्ही आजच्या पद्धतीने लिहायचा झाला तर वर काय यावे? ‘चोवीस वर्षे सरकारी नोकरी’ हे? आम्ही तर असे लिहू: खडकवासला धरणात भिंत उंच न करता जास्त पाणी साठवायचे होते, त्यासाठी पुराच्या वेळी आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले, ते 1903 मध्ये बसवले गेले. दुसरी ओळ एडनची. आपल्याच अरबी द्वीपकल्पाच्या टोकावरचे हे बंदर तेव्हा मुंबई सरकारच्या अखत्यारीत होते. तिथल्या पाणीपुरवठ्याची आणि सांडपाण्याची पाहणी करायला 1906 च्या सुमारास त्यांना पाठवले होते. पुराने हैराण झालेल्या शहराला या दोन ओळी पुरेशा आहेत. अडचण काय होती, आपण काय केले, त्यातून काय झाले. सल्लागाराच्या सीव्हीचा कणा एवढाच.

इटलीतल्या लिओनार्दो दा विंचीनेही 1482 च्या सुमारास मिलानच्या राज्यकर्त्याला लिहिलेल्या पत्रात हेच केले. राजाला लढायांची काळजी होती, म्हणून आपण हलके पूल आणि तोफा कशा करू शकतो ते आधी सांगितले. चित्रे काढता येतात हे अगदी शेवटी. समोरच्याला काय हवे ते वर, बाकीचे खाली. म्हणूनच एकच सीव्ही सगळीकडे पाठवू नये, प्रत्येक वेळी क्रम नव्याने लावावा.

आपली खरी अडचण मात्र वेगळीच आहे. आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते, की मी मी करू नये, आपली पाठ आपण थोपटू नये. म्हणून आपण ‘आमच्या हातून घडले’, ‘सगळ्यांच्या सहकार्याने पार पडले’ असे बोलतो. समारंभात हे शोभते. सीव्हीत त्यामुळे काम कोणी केले हेच कळेनासे होते. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. आपल्याला माती विकायची नाही. आपले गहू गहू म्हणून दाखवायचे आहेत, एवढेच.

याचा अर्थ फुगवून लिहावे असा नाही. हैदराबादेत विश्वेश्वरय्यांनी वरच्या अंगाला धरणे बांधून पाणी अडवण्याची शिफारस केली. पुढे 1920 च्या दशकात उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले, ते इतरांच्या हातांनी. ‘योजना माझी’ म्हणणे खरे, ‘धरणे मी बांधली’ म्हणणे खोटे. आपला वाटा किती, ते नेमके लिहिणे यातच नम्रताही आली आणि प्रामाणिकपणाही.

आता कामाच्या गोष्टी. समजा, एका बाबांनी अनेक वर्षे गोदामांचे काम पाहिले आहे. ‘लॉजिस्टिक्स क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव’ हे वाक्य कुणीही लिहील. हल्ली तर संगणकाला सांगितले की असली गुळगुळीत वाक्ये पानभर मिळतात. त्याऐवजी, ‘अन्नपदार्थ आयात करणाऱ्या कंपनीच्या गोदामात माल मुदत संपून फुकट जात होता, नोंदीची पद्धत बदलली, कामगारांना शिकवले, चार महिन्यांत नासाडी निम्म्यावर आली’ असे लिहावे. आकडा मात्र विचारल्यावर दाखवता येईल असाच हवा. कंपनीचे नाव सांगायची परवानगी नसेल तर सांगू नये, धंदा आणि आकार सांगितला तरी पुरते. अशी चार-पाच कामे पहिल्या पानावर, हुद्दे आणि पदव्या दुसऱ्या पानावर. मधली लहानसहान कामे ‘स्वतंत्र सल्लागार’ या एकाच मथळ्याखाली वर्षांसह घ्यावीत, म्हणजे सतत नोकऱ्या बदलल्यासारखे दिसत नाही. ज्यांची नावे साक्षीला द्यायची, त्यांना आधी विचारावे.

काढून काय टाकावे? वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, मुलांची संख्या. हा मजकूर लग्नाच्या बायोडेटात ठीक आहे. पासपोर्टचा नंबर तर मुळीच नको, कागद कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्याने वंश, रंग, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व अशा कारणांवरून नोकरीत भेदभाव करायला मनाई केली आहे. मग ही माहिती आपणच पुढे का करावी?

ठेवावे ते असे: व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे, काम केव्हापासून सुरू करता येईल, आणि स्वतंत्र काम करण्याचा परवाना कोणत्या कामासाठी आहे. परवान्यावर एक काम आणि सीव्हीत दुसरेच, असे होऊ नये. परवान्याशिवाय तर कामे घेऊच नयेत. 2022 मध्ये स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा ग्रीन व्हिसा आला, तेव्हा त्याच्या अटींत पदवी किंवा विशेष पदविका आणि आधीच्या दोन वर्षांत दर वर्षी किमान 3,60,000 दिरहॅम उत्पन्नाचा पुरावा मागितला होता. अर्ज करण्यापूर्वी ताज्या अटी पाहाव्यातच. पण मुद्दा हा, की इथे शेवटी सगळे कागदावर सिद्ध करावे लागते. म्हणून करार, बिले आणि शिक्के मारून आणलेली पदवी एका फाइलीत ठेवावी, आणि सीव्हीतली प्रत्येक ओळ त्या फाइलीशी जुळावी.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. ‘माझी आई’, ‘माझे बाबा’ या विषयावर तुम्ही निबंध लिहिता. त्यात आई प्रेमळ असते, बाबा कडक असतात, पण ते दिवसभर काय काम करतात, हे क्वचितच असते. पुष्कळदा ‘ऑफिसात जातात’ एवढेच असते. त्यात दोष तुमचा नाही, कुणी सांगितलेले नसते. आमची सूचना अशी, की सीव्ही इंग्रजीत लिहिण्यापूर्वी आईबाबांनी तो घरी मराठीत सांगावा. मराठीत ‘स्ट्रॅटेजिक’, ‘डायनॅमिक’ यांच्यामागे लपता येत नाही. कुणाची अडचण होती, तुम्ही काय केलेत, मग काय झाले, हे तीन प्रश्न मुलांनी विचारावेत. दहा वर्षांच्या मुलाला जे कळेल, ते कंपनीच्या मालकालाही कळेल.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आईच्या किंवा बाबांच्या एका कामाबद्दल पाच ओळी लिहून आणाव्यात. घर सांभाळणाऱ्या आईचे कामही त्यात आलेच, महिन्याचा खर्च बसवणे ही काही लहान अडचण नव्हे! शुद्धलेखन आम्ही तपासू. त्यातल्या काही ओळी थेट सीव्हीत जातील, अशी आमची खात्री आहे.