बंबाच्या झाकणाला कर्ज का नाही?

कोरेगावच्या आमच्या बचत गटापुढे थंडीच्या दिवसांत एक अर्ज आला. बंबाची जाळी आणि झाकण बदलायला कर्ज हवं होतं. दोघी-तिघी हसल्याच. म्हशीला कर्ज ठीक, शिलाई यंत्राला ठीक, पण बंबातून काय उत्पन्न निघणार? अर्ज बाजूला पडला. हा निर्णय मला साफ चुकीचा वाटतो.

तांब्याचा बंब साधाच. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली जाळी. जाळी जळून गेली की निखारे थेट पायाशी पडतात. नळीवर झाकण नसलं की ठिणग्या पदरावर येतात, धूर न्हाणीत कोंडतो आणि सरपणही जास्त लागतं. तुराट्या, करवंट्या, शेण्या सारत पहाटे तिथं बसतं कोण? आणि सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर कोमट पाणी कुणाच्या वाट्याला येतं?

विहिरीवरची मोटर जळाली तर त्याच दिवशी ती खोलून तालुक्याला नेतात. त्या खर्चाला कुणी उत्पन्नाचा हिशेब विचारत नाही. बंबाला मात्र ‘चालतंय की!’ मग बाई पत्र्याचा तुकडा वर ठेवून दोन-दोन हिवाळे काढते.

सरकारदरबारीही हा धूर दिसत नाही. २०११च्या जनगणनेत इंधन विचारलं ते स्वयंपाकाचं. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, पुष्कळ घरांत सिलिंडर आला. पण आंघोळीच्या पाण्याला गॅस जाळणं परवडतं कुणाला? म्हणजे कागदावर घर धूरमुक्त आणि मागच्या दारी बंब पेटलेला! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या प्रदूषित हवेने जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली.

‘सौर बंब घ्या’ हा सल्ला चांगलाच आहे. पण त्याला भक्कम छप्पर लागतं, वर चढणारं पाणी लागतं, आणि एकरकमी पैसा लागतो. अर्ज करणारीचं घर पत्र्याचं आहे. तिला आज हवी आहे ती जाळी आणि झाकण.

पुढच्या बैठकीत मी तो अर्ज पुन्हा मांडणार आहे. सोबत ठरावही: घरकामाच्या साधनांच्या दुरुस्तीला गटाने कर्ज द्यावं. हसणाऱ्यांपैकी दोघींच्या बंबावर झाकण नाही, हेही मला ठाऊक आहे.