लढाई सीताबर्डीची, झळ झाडीची

हलका धान कापून बांध्या मोकळ्या होऊ लागल्या, मंडईच्या तारखा ठरल्या, दंडारीच्या तालमी रंगल्या की आमच्या झाडीपट्टीत दिवाळी आली. यंदाच्या अंकाचा विषय मात्र आम्हाला माघातच सापडला होता, कचारगडावर.

दरेकशाला उतरून धनेगाववरून वर चढलं की ती अजस्र गुहा समोर येते. इथे कोंडलेल्या लेकरांची, त्यांच्यासाठी टाहो फोडणाऱ्या काली कंकालीची, त्यांना मोकळं करणाऱ्या पारी कुपार लिंगोची आणि जंगो रायताडची कथा गोंड समाज पिढ्यानपिढ्या सांगत आला आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेत आम्ही ती ऐकली आणि गुहेच्या तोंडाशी उभं राहून खालचं रान पाहिलं. हे रान इथल्या माणसांच्या हातून कधी गेलं, हा प्रश्न तिथून सोबत आला.

उत्तराचा माग एका लढाईपर्यंत जातो. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817, सीताबर्डीची टेकडी. इंग्रजांशी झालेल्या त्या झुंजीत नागपूरकर भोसल्यांचं सैन्य हरलं. पुढच्या वर्षी त्यांचे राजे अप्पासाहेब पदच्युत झाले, कैदेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंड सरदारांच्या आश्रयाला गेले. इकडे कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल त्यांच्या बाजूने उठला. इंग्रजी फौजेने कामठा घेतला आणि जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. टेकडीवरची लढाई दोन दिवसांत निकालात निघाली होती. तिच्यापायी इथला धनी वर्षभरात बदलला. धान पिकवणाऱ्याला कुणी विचारलं असेल, असं आम्हाला वाटत नाही.

गादीवर अल्पवयीन तिसरे रघूजी बसले, कारभार मात्र रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती. जिल्ह्याजिल्ह्यावर इंग्रज अधिकारी नेमले गेले, साऱ्याची मोजदाद नव्याने झाली. 1853 मध्ये रघूजी वारले, औरस वारस नव्हता. डलहौसीने 1854 मध्ये राज्यच खालसा केलं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. मग 1865 आणि 1878 चे जंगल कायदे आले, आणि आमच्या मते खरा पराभव तो. ज्या रानात मोहफुलं वेचायला, चार गोळा करायला, सरपण आणायला कुणाची परवानगी लागत नव्हती, तिथे नाकेदार उभा राहिला. बाई टोपली घेऊन त्याच वाटेने गेली, पण आता ती गुन्हेगार ठरू शकत होती. त्याच सुमारास आगगाडी आली, आणि गाडीच्या रुळांखाली लाकूडच अंथरलं जात होतं.

लढाया पुढेही दूर कुठेतरीच झाल्या आणि इथे येऊन पोचल्या. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बिरसीला धावपट्टी बांधली, तीही त्याच कामठ्याच्या शेजारी. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि जगभर खतं कडाडली.

आणि ते हातचं गेलेलं रान? 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला तिच्या रानावर पुन्हा दावा सांगता आला. पुरावा म्हणून जुने कागद चालतात, तशी गावातल्या वडीलधाऱ्यांची साक्षही. या अंकातले बरेच लेख अशाच साक्षींवर उभे आहेत. तुमच्या घरी, पेटीच्या तळाशी, साऱ्याची एखादी पावती, जमीनदाराची चिठ्ठी, नाहीतर आजीने सांगितलेली हद्दीच्या झाडाची खूण असेल तर मंडईला येताना घेऊन या. आम्ही उतरवून घेऊ आणि कागद तिथल्या तिथे परत करू.