हिरड्यांतले जंतू आणि आखडलेली बोटं

आपल्या घरांत सकाळी उठल्यावर एखाद्या बाईची मूठ मिटेना झाली, की 'वात आहे' म्हणून विषय संपतो. तेल चोळायचं, मेडिकलमधून गोळी आणायची आणि भाकरी थापायला बसायचं. हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो, उपचाराला उशीर झाला तर सांधे कायमचे वाकतात, हे तिला कुणी सांगत नाही. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दोन-तीन पट जास्त आढळतो, तरीही ही हयगय चालते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. ती का उलटते याचा शोध घेता घेता संशोधक तोंडापर्यंत पोचले. हिरड्यांच्या आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू प्रथिनांमधल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करतो. ऱ्हुमॅटॉइडच्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात, कधी तर सांधे दुखण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून. एवढ्यावरून हा जंतूच गुन्हेगार ठरत नाही. आनुवंशिकता आहे, विडी-सिगारेट आहे. म्हणून कुणी आपल्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. पण धागा दुर्लक्ष करण्याइतका कच्चाही नाही.

हे वाचून काहींना लगेच मिसवाक आठवेल. 'बघा, विज्ञानानेही मान्य केलं!' उम्मतला जड जाईल ही काळजी नसती, तर पैगंबरांनी (स.) प्रत्येक नमाजआधी मिसवाकचा हुकूम दिला असता, असं हदीसमध्ये आहे. पण असे मेसेज पुढे पाठवणाऱ्याच्याच खिशात गुटख्याची पुडी असते आणि घरात मिश्रीची डबी. वुजू करताना दिवसातून पाच वेळा आपण चूळ भरतो. त्या पाण्यात रक्त दिसतं आणि आपण ते मोरीत वाहू देतो.

सुन्नतचा अभिमान जरूर बाळगावा, पण तो आपल्या हिरड्यांत दिसला पाहिजे. मिसवाक असो वा ब्रश, रोज नीट वापरावा. रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे जावं. आणि अम्मीची, बहिणीची, बायकोची बोटं रोज सकाळी अर्धा-एक तास आखडत असतील, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून तिला सांध्यांच्या तज्ज्ञाकडे न्यावं. तिचं दुखणं 'बाईमाणसाचं दुखणं' म्हणून टाळायची मुभा आपल्याला कुठल्याच किताबाने दिलेली नाही.