बाटली कायदेशीर असेल, पण गाडी चालवायची का?

कंबर, मान, गुडघे दुखतात आणि रात्री झोप येत नाही, यावर आता आपल्या वस्त्यांत एक नवे तेल येऊ लागले आहे. ड्रॉपर लावलेली छोटी बाटली, तिच्यावर हिरव्या पानाचे चित्र आणि नाव 'सीबीडी ऑइल' किंवा 'विजया तेल'. मोबाईलवर जाहिरात दिसते आणि पार्सल घरी येते. घेणाऱ्यांत रिक्षावाले आहेत, टेम्पोवाले आहेत, दिवसभर दुचाकीवर सामान पोहोचवणारी पोरे आहेत. दहा-बारा तास सीटवर बसणाऱ्याची कंबर दुखणारच. दुखणे खरे आहे, म्हणून त्यावर औषध शोधणाऱ्याला आम्ही दोष देत नाही.

आमचे म्हणणे वेगळे आहे. बाटली कायदेशीर आहे का, हा एक प्रश्न. ते तेल घेऊन गाडी चालवणे कायदेशीर आणि सुरक्षित आहे का, हा दुसरा प्रश्न. विकणारा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि आपण तेच दुसऱ्याचेही उत्तर समजून बसतो. ज्या घराची चूल गाडीवर पेटते, त्या घराला ही गल्लत परवडणारी नाही.

आधी हे तेल काय आहे ते पाहू. भांग-गांजाच्या झाडात अनेक द्रव्ये असतात. त्यातले टीएचसी नशा आणते. सीबीडी तशी नशा आणत नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याची राळ. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बिया या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधे परवाना घेऊन विकली जातात. भांगेचेच आयुर्वेदातले नाव विजया. औषध नियमांच्या 'ई-१' यादीत भांग आहे. त्यामुळे अशा पोटात घ्यायच्या औषधावर, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, हा इशारा इंग्रजीत आणि हिंदीत ठळक छापावाच लागतो. इशारा नसलेली, परवाना क्रमांक नसलेली बाटली घरात घेऊच नये.

भांगेच्या बियांचे तेल ही तिसरीच गोष्ट. त्याला २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. त्यात सीबीडी नावापुरतेच असते. बाटल्या सारख्या दिसतात, पण आतला माल वेगळा असतो. म्हणून लेबल वाचा. इंग्रजी कळत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलामुलीला मोठ्याने वाचायला सांगा.

आता गाडीचे. नुसत्या सीबीडीने गाडी चालवण्यावर परिणाम होतो का, याचा अभ्यास झाला आहे. नेदरलँड्समध्ये २६ जणांना सीबीडी आणि टीएचसी वेगवेगळ्या वेळी देऊन खऱ्या रस्त्यावर गाडी चालवायला लावली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सीबीडी घेतल्यावर गाडी नेहमीसारखीच रेषेत राहिली. टीएचसी असलेला माल घेतल्यावर पहिल्या दीड तासात गाडी रेषेत ठेवणे जड गेले. हे वाचून कोणी म्हणेल, मग भीती कसली? पण ती माणसे निरोगी होती, मोजून दिलेला माल घेत होती आणि बारा तासांची पाळी संपवून आलेली नव्हती.

आपल्या हाती येणारी बाटली तशी मोजलेली असेलच असे नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलवरचे सीबीडीचे प्रमाण फक्त २६ उत्पादनांत बरोबर निघाले आणि १८ मध्ये टीएचसी सापडले. आपल्याकडच्या विजयाच्या काही औषधांत तर टीएचसी ठरवूनच असते आणि तसे लेबलवर लिहिलेलेही असते. ते पोटातून घेतले की अंमल चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो आणि तो सहा तास किंवा अधिकही टिकू शकतो. घरून निघताना ठीक वाटलेला माणूस तासाभराने पुलावर, भर गर्दीत असताना सुस्तावू शकतो.

नुसते सीबीडीही अगदी निरुपद्रवी नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये लहान मुलांच्या दोन गंभीर फिट्सच्या आजारांवर सीबीडीचे औषध मंजूर झाले. त्याच्या दुष्परिणामांत झोप येणे, जुलाब, भूक मंदावणे आणि यकृतावर ताण येणे हे नोंदलेले आहे. तेलकट-तुपकट जेवणाबरोबर घेतले तर तेच औषध कित्येक पट जास्त रक्तात उतरते. फिट्सच्या क्लोबाझामसारख्या गोळ्यांबरोबर घेतल्यास गुंगी वाढते. झोपेची गोळी, सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध किंवा दारू यांच्या जोडीला घेतले तरी तोच धोका. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या तेलाला हातही लावू नये. आणि ज्याला फिट्स येतात म्हणूनच हे तेल चालू आहे, त्याने लायसन्सच्या अर्जातला नमुना १ आठवावा. फिट, चक्कर किंवा शुद्ध हरपणे आहे का, हे तिथे विचारलेले असते. तिथे खोटे लिहून गाडीवर बसणे म्हणजे स्वतःचा आणि सवारीचा जीव पणाला लावणे आहे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ मध्ये दारूसाठी आकडा आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. औषधासाठी किंवा अमली पदार्थासाठी असा आकडा कलमात नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल, एवढेच तिथे म्हटले आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. लायसन्सही जप्त होऊ शकते. अपघातात कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

'फुंकायच्या मशीनमध्ये हे तेल दिसत नाही' असे काही जण सांगतात. ते खरे आहे, पण त्यात समाधान मानण्यासारखे काही नाही. ते यंत्र फक्त दारू दाखवते. अपघातानंतर रक्त-लघवी तपासली गेली तर तेलातले थोडेसे टीएचसीही गांजाच्या चाचणीत दिसू शकते. आणि आकडा नसलेला कायदा गरिबाला जास्त जड जातो. आकडा असला की तपासणीचा कागद बोलतो. आकडा नसला की समोरच्याने काय पाहिले आणि काय लिहिले, ते बोलते. वस्तीचा पत्ता सांगणाऱ्या पोराच्या खिशात हिरव्या पानाची बाटली सापडली, तर संशय आधी कोणावर येईल हे आम्ही वेगळे सांगायला नको.

विम्याचेही लक्षात ठेवा. दारूच्या किंवा ड्रगच्या अमलाखाली गाडी चालवताना झालेल्या नुकसानीची भरपाई नाही, ही अट वाहनाच्या विम्यात असते. मालक-चालकाच्या अपघात विम्यातही असते. दारूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले की, श्वासाची किंवा रक्ताची तपासणी झाली नसली तरी विमा कंपनी इतर पुराव्यांवरून अंमल सिद्ध करू शकते. रिक्षा कर्जावर, हप्ता चालू आणि विमा हातचा गेलेला, अशी वेळ आपल्या घरावर येऊ देऊ नका.

काही वाचक विचारतील, हे तेल घेतल्याने पाचवे शील मोडते का? आजारासाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, मोजून घेतलेले औषध म्हणजे व्यसन नव्हे, असे आम्हाला वाटते. पण त्या शीलात मादक पदार्थ टाळायला सांगितले आहेत ते प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, कारण ठरतात म्हणून. अर्धवट झोपेत हँडल धरणे हा प्रमादच आहे, मग तो दारूने आलेला असो, गोळीने असो की तेलाने.

म्हणून गाडी चालवणाऱ्या प्रत्येक घराने काही नियम स्वतःच घालून घ्यावेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तेल घेऊ नये. 'मी गाडी चालवतो' हे डॉक्टरांना आपणहून सांगावे आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवाव्यात. ज्या बाटलीत टीएचसी आहे, ती चालू असेपर्यंत गाडी नकोच. नुसत्या सीबीडीचे तेल असले तरी सुरुवातीचे दिवस आणि मात्रा वाढवल्यावरचे दिवस गाडीला हात लावू नये. झोप येते का, हे त्या दिवसांत घरच्यांनी पाहावे. पुढेही तेल घ्यायचे ते काम संपवून रात्री, आणि सकाळी सुस्ती वाटली तर त्या दिवशी गाडी काढू नये. बिल, चिठ्ठीची प्रत आणि मूळ लेबलची बाटली एकत्र ठेवावी. दुसऱ्या बाटलीत तेल ओतून फिरू नये. मित्राच्या बाटलीतले दोन थेंब 'करून बघू' म्हणून घेणे तर अजिबात नको.

शेवटी पैशाचे बोलू. कंबरदुखीवर सीबीडीचा गुण नक्की येतो, असे ठाम सांगता येईल इतका पुरावा आज नाही. महागड्या बाटलीत पैसे घालण्याआधी पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना कंबर दाखवा, फिजिओथेरपीचे व्यायाम शिकून घ्या, सीट नीट करून घ्या आणि दर दोन तासांनी खाली उतरून पाच मिनिटे चाला. जाहिरात करणारा बाटली विकून मोकळा होतो. गाडी, लायसन्स आणि घर सांभाळायचे ते आपल्यालाच.